रोशनीला आत बसू द्या!

आमच्या कामात किस्से शोधावे लागत नाहीत बाप्पा! शाळेच्या फाटकात स्कूटी लावली की एक, काढली की दुसरा. मैत्रिणी म्हणतात, "लिहून ठेव." लिहिते कसली! तोवर डोकं तापलेलं असतं.

मी देवरी तालुक्यातली फिरती विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकायला-बोलायला जास्त वेळ लागतो, त्यांना गावच्याच शाळेत, सगळ्यांसोबत शिकवायचं हे माझं काम. चिचगडकडच्या एका शाळेत रोशनी आहे, चौथीत. बोलते मोजकंच, पण वर्गात बसायची भारी हौस. तिला आत बसू द्या, एवढंच आमचं भांडण.

*

पहिल्याच भेटीत पाहते तर पोरगी व्हरांड्यात, पोत्यावर!

"गुरुजी, ही बाहेर काऊन?"

मुख्याध्यापक हसून म्हणाले, "समावेशित शिक्षणच आहे ना मॅडम! खिडकी उघडीच ठेवतो."

मी म्हटलं, "मग तुमची खुर्चीही टाका की तिच्याशेजारी!" त्या दिवसापुरती त्यांनी पोरगी आत घेतली.

*

परिपाठात प्रत्येक मुलाची पाळी येते. कोणी सुविचार सांगतं, कोणी बातमी. रोशनीची पाळी आली की थेट पुढचं नाव! का, तर "वेळ खाते." आणि गुरुजींच्या सूचना संपेस्तोवर पोरांचे पाय भरून येतात, ते?

मीच तिला उभं केलं. सावकाश म्हणाली, "आज... आमची गाय... व्याली."

पोरांनी टाळ्या पिटल्या. गुरुजी म्हणतात, "ही काय बातमी झाली?" अहो, तुमच्या पेपरातल्यापेक्षा ताजी होती!

*

दिव्यांग दिनाचा कार्यक्रम. रोशनीचं नाव पुकारलं. पोरगी धावत स्टेजवर चढली, आणि पाहुण्यांनी तिच्या हातात काय द्यावं? कुबड्या! फोटो निघाला, टाळ्या पडल्या. पायाने धडधाकट आहे हो ती! कोणाच्या डोक्यातही आलं नाही. लाज वाटली मला.

*

यंदा तर हद्दच झाली. गुरुजींनी तिच्या आईला, सगनबाईला, सांगून टाकलं, "हिले घरीच ठेव. बाकीच्या पोरायचं नुकसान होऊन रायलं." सगनबाईने मुकाट्याने पोरगी घरी नेली.

कळल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अंगणात बसून सगनबाईची समजूत घालत होते, तेवढ्यात गुरुजींची मोटरसायकल दारात! शाळेचा पट पाहायला त्याच दिवशी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. आधीच मुलं कमी. आणखी एक घटलं की शाळा बंद, मुलं दुसऱ्या गावच्या शाळेत.

"सगनबाई, रोशनीले धाड ना जी! साहेब येऊन रायले."

"वर्गात बसवान का?"

"बसवतो! सगळ्यायच्या समोर बसवतो!"

"अन् उद्या?"

गुरुजी घड्याळ पाहू लागले.

सगनबाई उठली. आतून दप्तर आणलं आणि गुरुजींच्या खांद्याला अडकवलं.

"मंग साहेबाले रोजच बलावा ना, गुरुजी!"