शेपू आंब्यातला भुंगा

झाडाला कान लावून आतली अळी हुडकणं, ही माझ्या वडिलांची ख्याती. आमच्या गावात, साखऱ्यात, कुणाच्याही आंब्याच्या बुडाशी भुसा पडलेला दिसला की बाबांना बोलावणं यायचं. ते सगळ्यांना गप्प करत, खोडाला कान लावत आणि बोटानं जागा दाखवत. मग सायकलच्या चाकाची जुनी तार, टोकाला आकडा केलेली, भोकात जायची आणि बोटभर पांढरी अळी ओढून बाहेर यायची.

आमच्या बांधावर शेपू आंबा आहे. कैरीला शेपूच्या भाजीचा वास येतो, म्हणून शेपू. दोन वर्षं त्याच्याही बुडाशी भुसा पडत होता आणि बाबा दर वेळी कान लावून म्हणायचे, "साफ हाय झाड. मुंग्यानं काढलेला भुसा हाय तो."

मी सेनगावात शिक्षिका आहे. रविवारी जीपनं गावी आले की घरात पाणीसुद्धा न पिता आधी बांधावर जायचे. मला मुळातच दम धरवत नाही, त्यात यंदा एक फांदी पार वाळून गेली. आठवडाभर फळ्यावर लिहितानाही डोक्यात तो भुसाच. ही अळी एका भुंग्याची; त्याची मादी सालीला जबड्यानं चीर पाडून अंडं घालते. अळी वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, लाकूड खात आत बोगदा करते. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि आतून पोकळ होत जातं. हे सगळं मला बाबांनीच शिकवलेलं. मी कान लावायला गेले की मात्र "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून मला बाजूला सारायचे. एकदा चिडून मी त्यांच्या पाठीमागून "हट्टी म्हातारा!" म्हणाले. थोड्या वेळानं ते वळले आणि माझ्याकडे बघून हसले. माझं डोकं आणखीच फिरलं.

आषाढातला रविवार होता. सोयाबीनची डवरणी आटोपून बाबा आंब्याखाली आले, तेव्हा खोडावर भुंगाच बसलेला. अंगठ्याएवढा, राखाडी, पाठीवर नारिंगी ठिपके, मिशा अंगाहून लांब.

"आता तरी पटलं का?" मी ओरडले.

बाबांनी त्याला मागून दोन बोटांत अलगद धरलं. हा भुंगा धरला की मानेजवळचा भाग घासून चिरचिरतो. लहानपणी बाबा तो माझ्या कानाशी आणायचे आणि मी किंचाळत पळायचे. आताही तो जीव खाऊन चिरचिरत होता, मला चार हातांवरून ऐकू येत होता. बाबांनी तो कानाशी नेला. हलवला. पुन्हा कानाशी नेला.

"मुका हाय हा," ते म्हणाले.

माझा राग जागच्या जागी विरला. दोन वर्षं मी कशावर चिडत होते ते कळलं आणि स्वतःची लाज वाटली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वरडून राहिला का?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी भुंगा पायाखाली चिरडला, हात धोतराला पुसले आणि आखाड्यावरच्या झोपडीतून तार घेऊन आले. "तू आईक. मी टोचतो."

मी खोडाला गाल टेकवला. आत कुरकुर चालली होती. बुडाशी, कमरेच्या उंचीला, मागच्या अंगाला, वर बेचक्यात. बोट ठेवत ठेवत मी झाडाला फेरी घातली. झाड आता वाचतं की नाही, अशी भीती वाटली.

"किती हायेत?"

"एकच हाय, बाबा," मी मोठ्यानं म्हणाले.

"मग चार जागी बोट काहून ठिवलंस?" बाबा तारेचा आकडा वाकवत म्हणाले. "कान गेलेत माझे, डोळे न्हाई गेले. बुडाची दाव आधी."