गळक्या बांधाची तानूआक्का

तानूआक्का पाण्याला शिव्या द्यायची. पाट फोडून भलतीकडे निघालेल्या पाण्यासमोर ती खोरं टेकवून उभी राहायची आणि "कुठं चाललीस भवाने? ती वाट काय तुझ्या बानं केलीया?" म्हणून खडसवायची. मग दोन खोरी चिखल टाकून त्याला रस्त्याला लावायची. तिच्या लेखी पाणी म्हणजे बाईमाणूस, आणि त्यातही नवी सून.

मी तिला पहिल्यांदा भेटले तीही बोलणी खातच. खानापूर तालुक्यातल्या त्या डोंगरगावात मराठी शाळेवर माझी नेमणूक झाली होती. पहिल्या दिवशी बसमधून उतरले आणि आडव्या आलेल्या पाटाच्या कडेवर खुशाल पाय देऊन पुढे निघाले. "ए बाई! कड मोडलीस की माझी. काढ ती चप्पल, उतर खाली, आन् पायानं दाबून दे." नव्या साडीचे काठ खोचून मी गुमान चिखल दाबला. मी बेळगावातल्या वडगावची. आमच्याकडे घरोघरी माग, आणि पाणी नळाला येतं, तेही त्याची मर्जी असेल तेव्हा. पाण्याला कोणी वाट करून द्यावी लागते, हे माझ्या गावीही नव्हतं.

आक्काचं काम असं: पाऊस सरला की डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला दगड, पाला आणि वारुळाची माती यांचा बांध घालायचा, पाणी पाटात चढवायचं आणि उन्हाळ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या मिरचीला, पावट्याला पाळीपाळीनं पोचवायचं. आधी हे तिचा नवरा करायचा. तो गेला आणि दिवसकार्य उरकताच हिनं खोरं उचललं. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. बेळगावात कारखान्यात असलेला तिचा मुलगा बाळू दिवाळीला आला आणि संक्रांत झाली की आईला घेऊन जाणार, असं साऱ्या गावाला सांगून गेला. म्हणजे शिकायला हाती एवढाच हंगाम होता. कोणी शिकलं नाही तर पुढच्या वर्षी पाट कोरडा. हे सगळ्यांना कळत होतं आणि शिकायला कोणीच येत नव्हतं, कारण आक्काच्या हाताखाली तासभर टिकलेला माणूस गावात नव्हता.

नेमकं त्याच सुमारास शाळेच्या ग्रुपवर कन्नडमधून परिपत्रक आलं: गावातल्या ज्येष्ठांकडून मुलांना शाश्वत विकासाचे धडे द्यावेत, फोटो जोडावेत. सोबत चार पानी फॉर्म. तो घेऊन मी आक्काच्या ओसरीवर गेले.

"शाश्वत म्हंजे काय गं?"

"आपण वापरायचं, पण पुढच्यांसाठी शिल्लक ठेवायचं."

"मग ह्यात परिपत्रक काढण्यासारखं काय हाय?"

मी विषय बदलला आणि शिक्षणाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता आलं असावं. "काय लिवलंस?" मी सांगितलं. "खोड ते. चालू हाय म्हणून लिव." मी निमूटपणे खोडलं.

ठरल्या दिवशी आक्का धुवट लुगडं नेसून वर्गात आली. खुर्चीवर बसली. मुलं तिच्याकडे बघतायत, ती मुलांकडे बघतेय, पाच मिनिटं झाली तरी शब्द नाही. मी हळूच म्हटलं, "आक्का, सुरू करा की." ती म्हणाली, "हितं पाणी कुठाय?" आणि उठून चालू लागली. मागून चौतीस मुलं, त्यांच्यामागून मी आणि माझ्यामागून शाळेत जेवण रांधणारी रेश्मा, कारण आमटीचा डाव तिच्या हातातच राहिला होता आणि तिला वाटलं शाळेला आग लागली.

ही रेश्मा सांबऱ्याची, म्हणजे विमानतळाच्या गावची लेक, दोन वर्षांपूर्वी या गावात सून म्हणून आलेली. आक्का तिला 'इमानवाली' म्हणायची. "हिनं इमानं बघितल्याती, ओढा बघितला न्हाय." मुलं दोन दिवसांनी पाण्यात खेकडे शोधायला लागली. रेश्मा मात्र आमटी उतरवली की रोज ओढ्यावर जायची. आक्कानं तिला पहिला आठवडाभर नुसते दगड उचलून परत ठेवायला लावले. "दगडाला बूड असतंय. ते घावंस्तवर हात काढू नको." रेश्मानं बोटं चेचून घेतली, घरी सासूची बोलणी खाल्ली, पण हटली नाही.

बांध झाला, पण तो एका बाजूनं गळायचा. मला ते बघवेना. दोनतीन पिढ्यांचं ज्ञान म्हणतो आणि पाणी असं वाया! गोव्याहून सुट्टीला आलेली चार पोरं हाताशी धरली, वाळूनं भरलेली सिमेंटची पोती लावली, वर निळी ताडपत्री. थेंब गळेना. फोटो ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. आक्का तेव्हा गुडघ्याला लेप लावून घरी पडून होती, म्हणून माझं धाडस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात गेले तर पहिल्या दोन रांगांत खालच्या वाडीच्या अकरा बायका रिकाम्या घागरी मांडीवर घेऊन बसलेल्या. "हजेरी घ्या बाई. खाली ओढा कोरडा पडलाय, घरात पाणी न्हाय, तवा हितंच बसतोय." पलीकडे माझ्या त्या भक्कम बांधामुळे तुंबलेलं पाणी पाट फोडून कुणाच्यातरी मिरचीत शिरलं होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आक्का काठी टेकत ओढ्यावर आली. मी शिव्यांची वाट बघत होते. तिनं नुसती ताडपत्रीकडे नजर टाकली आणि विचारलं, "काय गं बाई, तुमच्या वडगावात लुगड्याला बी सिमेंट लावत्यात?" मग बांधातल्या त्या गळक्या जागेवर तिनं आडवा हात ठेवला. "ही चार बोटं खालच्यांची हाईत. बांध गळाय पायजे. न गळणारा बांध म्हंजे चोरी." परिपत्रकातलं ते 'शाश्वत' मला तेव्हा कळलं, आणि मी वाडीच्या बायकांची माफी मागायला गेले. त्यांनी चहा पाजला, पण पुढे वर्षभर मला 'ताडपत्री बाई' म्हटलं.

संक्रांतीच्या आठ दिवस आधी आक्कानं रेश्माच्या हातांनी सगळा बांध मोडायला लावला. "आता घाल परत. मी बोलणार न्हाय." आणि स्वतः काठावरच्या दगडावर बसली. न बोलणं तिला किती जड जात होतं, ते तिच्या जबड्यावरून दिसत होतं. दगड बसले, पाला बसला, माती चढली. शेवटी रेश्मा खालच्यांची वाट ठेवायला लागली आणि आक्काला राहवलं नाही. "चार बोटं ठेव."

रेश्मा थांबली. पाण्यात उभी, पदर खोचलेला, हात चिखलानं माखलेले. "न्हाय आक्का. ओढा आता आटलाय. चार ठेवली तर पाटात पाणी चढायचंच न्हाय. मी खालच्या बायकास्नी इचारलंय, तीन बोटांत त्यांचं भागतंय."

आक्काला उलट बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. ती उठली, दुखरे गुडघे घेऊन थंड पाण्यात उतरली, खालच्यांच्या वाटेत हात घातला, पाटाकडे बघितलं, परत हात घातला. पाणी पाटात चढत होतं. "व्हय की," ती म्हणाली. "चुकलं माझं."

संक्रांतीनंतर बाळू तिला न्यायला आला. बसची वाट बघत थांब्यावर उभे असताना मी तिला विचारलं, "आक्का, त्या दिवशी रेश्माची परीक्षा घेत होतात ना? मुद्दाम चार म्हणालात?" मला खात्रीच होती.

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कसली परीक्षा? चुकलंच की माझं. हर साल पुसाच्या महिन्यात, संक्रांतीच्या आसपास, कायतरी चुकायचं, पाणी चढायचं न्हाय, आन् मी पाण्यालाच शिव्या घालायची." बस आली. बाळूनं तिला दंडाला धरून चढवलं. खिडकीशी बसल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "इतकी वर्सं चुकलं तरी सांगणारं कुणी नव्हतं गं."