कान स्पष्ट, डोळे धूसर

ओडेलिया बाका आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मी शिकवत असेपर्यंत दुपारचं जेवण तिच्याच हातचं. तिच्या ओट्यावर कधी पाण्याचा डाग दिसला नाही, आणि तिच्यासमोर ताटात कुणी काही टाकायची हिंमत केली नाही. पुढे शाळेने डबे बाहेरून मागवायला सुरुवात केली आणि स्वयंपाकघराला कुलूप लागलं. चाळिशी उलटलेल्या ओडेलियाने सरळ कॅमेरा-असिस्टंटच्या शिकाऊ वर्गात नाव घातलं.

आल्बुकर्की शहरात सिनेमा-मालिकांचं शूटिंग सतत चालतं, त्यामुळे हे काही नवल नाही. आमच्या साउथ व्हॅली वस्तीत घरटी एकजण तरी शूटिंगवर असतो. कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर, कुणी कपडे इस्त्री करणारा. तरी मला त्या मंडळींची खात्री वाटत नसे. आज गळ्यात गळे, उद्या ओळखही नाही, असं मी बरंच ऐकलं होतं.

"बाई, तुम्हाला सगळ्यांचाच संशय येतो," ओडेलिया हसून म्हणायची. रविवारी चर्चहून येताना ती बडीशेपेच्या बिस्किटांचा डबा घेऊन माझ्याकडे थांबत असे. "स्वयंपाकघरात आणि तिथं फरक काय? सगळं वेळेवर, सगळं स्वच्छ, आणि कुणी ओरडलं तर मनाला लावून घ्यायचं नाही."

तिला एका मालिकेवर काम मिळालं. कॅमेऱ्याच्या मंडळींत तिच्यावर दोघे. हार्लन स्ट्रीटर हा पहिला असिस्टंट, साठीकडे झुकलेला, चेहरा कायम उन्हात डोळे बारीक केल्यासारखा. दृश्य चालू असताना लेन्स फिरवून माणसाचा चेहरा स्पष्ट ठेवणं, म्हणजे फोकस सांभाळणं, हे त्याचं काम. दुसरा असिस्टंट एलिसेओ ग्रिएगो, तिशीतला, चटपटीत. तो तिला पहिल्या दिवसापासून 'काकू' म्हणू लागला.

पहिला धडा लेन्स हातात देण्याचा. देणाऱ्याने लेन्स पुढे करायची, घेणाऱ्याने दोन्ही हातांनी धरायची आणि मोठ्याने "मिळाली" म्हणायचं. तो शब्द कानावर पडेपर्यंत देणाऱ्याने हात सोडायचा नाही.

"आणि न बोलता नुसती मान हलवली तर?" ओडेलियाने विचारलं होतं.

"तर मी तसाच उभा राहीन," हार्लन म्हणाला. "जेवणाची सुट्टी झाली तरी. ही लेन्स आहे बाई, तुझ्या शाळेतलं पातेलं नाही."

दुसरा धडा जमिनीवरच्या खुणांचा. अभिनेत्याने जिथं येऊन थांबायचं तिथं रंगीत चिकटपट्टी लावायची, प्रत्येकाचा रंग वेगळा. तिसरा धडा टेपचा. कॅमेऱ्याच्या बाजूला एक छोटी खुंटी असते, तिथं टेपचं टोक अडकवायचं, टेप अभिनेत्याच्या डोळ्यापर्यंत ओढत न्यायची आणि अंतर हार्लनला सांगायचं. तो आकडा तो लेन्सवर धरणार. हल्ली बरेचजण पडद्याकडे बघून फोकस लावतात, पण हार्लनचा पडद्यावर भरवसा नव्हता. त्याचा भरवसा टेपवर. लोखंडी नव्हे, कापडी. कारण माणसाच्या डोळ्याजवळ लोखंडी पातं न्यायचं नाही. त्याच्या गुरूने दिलेली ती पिवळी टेप मळून करडी झाली होती.

पहिल्याच आठवड्यात हार्लनने बजावलं, सामान स्वच्छ पाहिजे. ओडेलियाला एवढंच हवं होतं. शनिवारी तिच्या अंगणातल्या दोरीवर पट्टे, पिशव्या, खोळी आणि एक लांबच लांब पिवळी फीत वाळत पडलेली मी कुंपणावरून बघितली. सगळं कसं लख्ख. मी तिचं कौतुकही केलं.

आणि दुसऱ्या आठवड्यापासून चित्रं बिघडू लागली.

मुख्य कॅमेरामन म्हणजे मार्गो प्रूइट नावाची बाई. मोठ्या पडद्यावर आदल्या दिवशीचं काम बघताना ती म्हणाली, "कान सुरेख आलेत. केसही. डोळे कुठे गेले, हार्लन?"

फोकस दरवेळी चेहऱ्याच्या मागेच पडत होता. लेन्स दुकानात पाठवली, निर्दोष ठरून परत आली. कॅमेरा तपासला, त्यातही काही नाही. मग राहिली माणसं.

हार्लन संशय बोलून दाखवत नव्हता, पण वागण्यात तो दिसत होता. लेन्सच्या पेटीची किल्ली त्याच्या गळ्यात आली. बरिटो खाताना तो कॅमेऱ्याकडे तोंड करून बसू लागला. ओडेलियाने अंतर सांगितलं की विचारायचा, "नक्की?" ती पुन्हा बघायची, तोच आकडा. "नक्की." तो लेन्सवर खूण धरायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा.

"त्याला वाटतं, मला आकडे वाचता येत नाहीत," ती मला म्हणाली. "बाई, पाचशे पोरांचा भात मी मोजून शिजवलाय."

"मग दुसरं कुणीतरी करत असेल," मी म्हटलं. माझा स्वभाव.

त्यानंतर ती एलिसेओवर नजर ठेवू लागली. दुपारी सगळे जेवायला गेले की तो मागे राहायचा. जमिनीवरच्या खुणांजवळ वाकायचा, अंगठ्याने काहीतरी करायचा. एकदा तिने हटकलंच.

"काय रे, जेवायचं नाही?"

"आलोच काकू. या पट्ट्या उचकटतात, दाबतोय."

"सकाळी नाही उचकटत?"

"सकाळी वारा कुठे असतो?"

उत्तर सरळ होतं, पण तिला ते तयार करून ठेवल्यासारखं वाटलं. खूण जरा मागेपुढे सरकवली की अभिनेता चुकीच्या जागी थांबणार आणि डोळे धूसर होणार. शिवाय पुढच्या वर्षी फोकस मीच सांभाळणार, असं एलिसेओ उघडपणे म्हणत असे. हार्लन बदनाम झाला तर जागा कुणाला मिळणार? रविवारी आम्ही दोघींनी बिस्किटं संपवता संपवता त्या पोराला पार गुन्हेगार ठरवून टाकलं.

सोमवारी तिने हार्लनच्या कानावर घातलं. त्यालाही दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. त्याने मार्गोला सांगितलं आणि ठरलं की शुक्रवारनंतर एलिसेओला बोलवायचं नाही. हे एलिसेओला माहीत नव्हतं. तो बिचारा रोज तिच्या हातातली जड पेटी काढून घेत होता, आणि तिला वाटत होतं, याच्या मनात आता काय आहे?

गुरुवारी एका जुन्या मातीच्या घराच्या अंगणात काम होतं. कॅमेरा छोट्या रुळांवर ठेवायचा होता, निळ्या दारापासून बरोबर बारा फुटांवर. रूळ टाकणाऱ्या माणसाने आपल्या लोखंडी टेपने मोजून कॅमेरा उभा केला. थोड्या वेळाने हार्लनने ओडेलियाला दारापर्यंतचं अंतर घ्यायला सांगितलं. तिने कापडी टेप खुंटीला अडकवली, दारापर्यंत नेली. बारा फूट चार इंच.

"तुझं चुकलंय," ती रूळवाल्याला म्हणाली.

"माझी टेप नवी आहे, काकू. तुझी आजोबांच्या लग्नातली."

"परत मोज."

त्याने मोजलं. बारा. मग तिने दोन्ही टेपा जमिनीवर शेजारी शेजारी ताणून धरल्या. लोखंडी टेपचे बारा फूट संपले, तिथं कापडी टेप बारा फूट चार इंच दाखवत होती. तिने कापडावरून बोट फिरवलं. बारीक सुरकुत्या. शाळेत नवे एप्रन पहिल्या धुण्यातून निघाले की त्यांच्या नाड्या अशाच लागायच्या, आखूड आणि चुरगळलेल्या. म्हणून ती नेहमी एप्रन एक माप मोठे मागवत असे. टेपही धुण्यात आटली होती, प्रत्येक अंतर खऱ्याहून जास्त दाखवत होती, आणि फोकस चेहऱ्याच्या मागे जात होता.

रूळवाला आपल्या कामाला निघून गेला होता. त्याने फारसं लक्षही दिलं नव्हतं.

"बाई, मी ती टेप गुंडाळून खिशात घातली," ती मला नंतर म्हणाली. "वाटलं, हरवली म्हणून सांगावं. नवी येईल, डोळे स्पष्ट येतील. सगळे म्हणतील, बघा, तो पोरगा जायचा अवकाश, सगळं सुरळीत झालं."

जेवणाच्या वेळी एलिसेओ पोसोलेची, म्हणजे मक्याच्या रश्शाची, वाटी घेऊन तिच्यासमोर आला. "घ्या काकू. संपत आलं होतं, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलं." वाटी हातात घेतानाही तिच्या मनात आलं, याला काही कळलं तर नाही? तो मात्र जाऊन खुणांशी वाकला. वाऱ्याने एका पट्टीचा कोपरा खरंच उडत होता. त्याने तो अंगठ्याने दाबला, जागेवरच, केसभरही न हलवता.

वाटी तशीच ठेवून ती हार्लनकडे गेली.

"साहेब, टेप मी धुतली."

"कुठली टेप?"

"ही. पहिल्या आठवड्यात. मळली होती, म्हणून उकळत्या पाण्यात घातली."

हार्लन लेन्सच्या पेटीवर बसला. त्या पेटीवर तो कुणाला टेकूही देत नसे. "उकळत्या पाण्यात? अगं, पाऊस आला तर मी हिला शर्टाच्या आत घालतो!"

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"माणसं टेप धुतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं!"

तिने टेप त्याच्यासमोर धरली. मग म्हणाली, "एलिसेओबद्दल मी बोलले ते खोटं निघालं. त्याला काढू नका. काढायचं तर मला काढा."

हार्लनने रूळवाल्याची लोखंडी टेप मागून आणली आणि दोन्ही टेपा मार्गोसमोर टेबलावर पसरल्या. आपली बाजू त्याने सावरून घेतली नाही, हे मला त्याच्याबद्दल आवडलं. "रोज सकाळी टेप तपासून घ्यायला मला शिकवलं होतं," तो म्हणाला. "मी लेन्स तपासली, कॅमेरा तपासला, माणसं तपासली. टेप तेवढी राहिली."

"म्हणजे तुम्ही तिघं इतके दिवस एकमेकांवर पहारा देत होतात?" मार्गो म्हणाली.

"दोघं," हार्लन म्हणाला. "तिसरा पट्ट्या दाबत होता."

एलिसेओ राहिला. ओडेलियाही राहिली, पण टेपला हात लावायचा नाही, मालिका संपेपर्यंत पेट्या उचलायच्या, या अटीवर. सेटवर गोष्ट लपत नाही; संध्याकाळच्या आत एलिसेओला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला 'मिसेस बाका' म्हणून हाक मारली. ती माफी मागायला गेली. त्याने ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणाला आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांकडे वळला.

पण लेन्स द्यायची तर दोघांना समोरासमोर यावंच लागतं. तो लेन्स पुढे करायचा, ती धरायची, "मिळाली" म्हणायची. आणि तो शब्द नीट ऐकू आला तरी तो हात क्षणभर उशिरा सोडायचा. तिला ते कळत होतं.

मालिका संपली. दुसऱ्या कामावर हार्लनने पुन्हा दोघांनाही बोलावलं, त्याचं मला नवल वाटलं. आता सकाळी काम सुरू व्हायच्या आधी एलिसेओ आणि ओडेलिया दोन टेपा जमिनीवर शेजारी शेजारी ताणतात आणि हार्लन वाकून बघतो. जुनी पिवळी टेप त्याने टाकलेली नाही. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे.

गेल्या रविवारी ओडेलिया नेहमीसारखी आली.

"परवा लेन्स देताना एलिसेओ म्हणाला, जड आहे, घट्ट धरा."

"एवढंच?"

"मिसेस बाका नाही म्हणाला."

"विसरला असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली, आणि शेवटची चार बिस्किटं उद्या कामावर न्यायला कागदात बांधून पर्समध्ये टाकली. एरवी ती डबा माझ्याकडेच रिकामा करून जाते.