साडूच्या गाडीतलं बसचं तेल

बस डेपोत त्याला सगळे 'पंधरा-चाळीस' म्हणायचे. डिझेल बसमध्ये घालायच्या जाड तेलाच्या डब्यावर हाच आकडा छापलेला असतो, आणि या मिस्त्रीचा जगात कशावर विश्वास असेल तर तो त्या तेलावर. दाराच्या बिजागरीला तेच, बायकोच्या शिलाई मशीनला तेच, आणि स्वतःच्या जुनाट पेट्रोल गाडीलाही तेच. "अख्खी बस घाट चढते याच्यावर, आपल्या डबड्याचं काय घेऊन बसलात," असं तो म्हणे. डबड्याचं इंजिन झिजलेलं होतं, त्यामुळे जाड तेल त्याला मानवलंही होतं. चालू केलं की आधी टकटक, मग घसा खाकरल्यासारखी घरघर, आणि मग स्वारी निमूट चालू लागायची.

या गाडीचा खरा मान असायचा गुरुवारी. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. दर गुरुवारी सकाळी त्यांना व्यायामासाठी इस्पितळात न्यायचं काम थोरल्या जावयाचं. सासूबाई पुढच्या सीटवर बसत आणि वाटेत शेजारणीपासून सरकारपर्यंत सगळ्यांची हजेरी घेत. उतरताना जावयाच्या तळहातावर पेपरमिंटची एक गोळी ठेवत. पन्नाशी उलटलेला हा बाप्या ती गोळी डेपोपर्यंत पुरवून पुरवून चघळायचा. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही, पण गुरुवारी त्याची दाढी न चुकता केलेली असायची.

अशात धाकट्या साडूने नवी पेट्रोल गाडी घेतली.

साडूचं चष्म्यांचं दुकान. माणूस गोड बोलणारा, टापटिपीचा, नखंसुद्धा अगदी बेतशीर कापलेली. गाडी इतकी शांत की चालू आहे की बंद, कळू नये. "आईंना धक्के बसायला नकोत. आता गुरुवारी मीच नेत जाईन," तो म्हणाला आणि घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस्त्रीच्या बायकोनेसुद्धा. त्या दिवसापासून मिस्त्री साडूला पाण्यात पाहू लागला. त्याचे इस्त्रीचे कपडे डोळ्यांत खुपायचे, त्याचं हसणं खुपायचं. सगळ्यात जास्त खुपायची ती पुढची सीट.

काही महिन्यांनी साडू गाडी घेऊन आपणहून दारात हजर झाला.

"साडूभाऊ, हिचं तेल बदलायला झालंय. बाहेर कुणाच्या हाती द्यायला मन घेत नाही. तुम्हीच बदला."

मिस्त्रीने गाडीबरोबरचं पुस्तक चाळलं. पातळ तेल घाला, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. नव्या इंजिनात तेलाच्या वाटा अरुंद असतात आणि थंडीत जाड तेल वर पोचायला वेळ लावतं, हे त्याला ठाऊक होतं. बसच्या तेलात मिसळलेली द्रव्यं धूर साफ करणाऱ्या भांड्याला हळूहळू बाधतात, हेही ठाऊक होतं. त्याने पुस्तक मिटलं आणि बसच्या तेलाचा डबा उघडला. माझ्या गाडीला चालतं, मग हिला काय धाड भरलीय, असं त्याने मनाला बजावलं. मनालाही ते पटलं नाही. ती गाडी जरा खोकावी, एवढीच त्याची इच्छा होती.

थंडी पडली आणि गाडी खोकायला लागली.

"सकाळी टकटक करते, ओढतेही जरा जड," साडू फोनवर म्हणाला. "पण तेल तुम्ही घातलंय म्हटल्यावर मला कसली काळजी?"

त्या दिवशी मिस्त्री दोन घास जास्तच जेवला.

गुरुवारी दुपारी तो नळ बघायच्या निमित्ताने सासूबाईंकडे गेला, दाढीबिढी करून. आता त्या नव्या गाडीच्या नावाने बोटं मोडतील आणि आपल्याला बोलावतील, याची वाट बघत तो उगाचच नळ पिळत बसला.

"जावईबापू, आता बरं वाटतं बघा त्या गाडीत," सासूबाई म्हणाल्या. "आधी कशी मेली मुकी होती, माझी जीभच उचलायची नाही. आता तुमच्या गाडीसारखी टकटक करते. मी डोळे मिटते, वाटतं तुम्हीच चालवताय. मग बोलत सुटते. धाकटाही ऐकून घेतो बिचारा. उतरताना त्यालाही गोळी देते हल्ली."

मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तिथून उठला तो पातळ तेल आणि नवा फिल्टर घेऊन थेट साडूच्या दारात. गाडीखाली शिरला आणि बसचं तेल थेंबाथेंबापर्यंत निथळून काढलं.

"इतक्यात पुन्हा?" साडूने विचारलं.

"ते तेल हिचं नव्हे."

"किती जपता हो तुम्ही आम्हाला," साडू म्हणाला. ते ऐकून मिस्त्री आणखीनच जळला.

घरी येईपर्यंत बातमी बायकोला पोचली होती. "चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण आईला त्या आवाजाची सवय झाली होती हो. आता पुन्हा तिच्या नशिबी ती मुकी गाडी."

"आवाज माझ्या गाडीचा आहे. तो मी त्या चष्मेवाल्याला फुकट वाटत फिरू?" मिस्त्री म्हणाला. "हवा असेल तर येतील त्या इकडे."

आणि फडकं घेऊन तो आपल्या डबड्याची पुढची सीट पुसायला गेला.