गाळाची बांधी

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं मातीच्या पिशव्या उतरवून घेतोय. संशोधन करणारी पोरं किती टिकतील, हे मला त्यांच्या चपलांवरून कळतं. आसगावच्या रत्नमालेच्या चपलांवरचा चिखल तीन वर्षं वाळला नाही.

तिचा विषय सरळ होता. बोडीतला, म्हणजे गावच्या लहान तळ्यातला गाळ शेतात टाकला तर धानाला नत्र किती मिळतं, पाण्याबरोबर वाहून किती जातं आणि युरियाशिवाय भागतं का? घरच्या धानशेतीतले बांध घातलेले दोन तुकडे, दोन बांध्या, तिनं त्यासाठी धरल्या. एकीत युरिया, दुसरीत नुसता गाळ. दर आठवड्याला माती-पाणी घेऊन ती एसटीनं भंडाऱ्याला यायची. मशीन रिकामं होईपर्यंत बाकावरच झोपायची. मग मी उठवायचो.

पहिली दोन वर्षं गाळाची बांधी पिवळी पडली. गाळ पुरत नाही, हेही उत्तरच की! पण तिच्या मार्गदर्शक सरांना ते नको होतं. तिसऱ्या वर्षी मात्र धान असं हिरवंगार झालं की सरांनी पेढे मागवले. पाण्यातलं नत्र मधूनच उसळत होतं, ते आम्ही गाळाचंच कौतुक समजलो. थकलेल्या माणसाला चांगली बातमी तपासावीशी वाटत नाही. प्रबंध लिहून होत आला, शेवटचे नमुने आणि सरांची सही तेवढी राहिली.

शेवटचे नमुने आणले त्या दिवशी तिची माय, मालनबाई, सोबत आली. मी चहा दिला. म्हटलं, "बाई, यंदा गाळानं पोरीले तारलं."

"गाळ कायचा तारते, भाऊ!" ती हसली. "रोवण्याच्या बाया मले टोमणे मारत, पोरीनं शिकून शिकून धान उपाशी मारलं म्हणत. माह्यानं पाहवलं नाही. रतन इकडं आली का मी मूठमूठ युरिया फेकला. नाहीतर नापास झाली असती ना!"

रत्नमाला बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिचा हात थांबला. खोलीत आम्ही तिघंच होतो. मी गप्प बसलो असतो, खरं सांगतो. याहून मोठी पापं सही-शिक्क्यानिशी जाताना पाहिलीत मी.

"आता पास होशीन ना वो?" मालनबाईनं विचारलं.

"होईन, माय."

मायला एसटीत बसवून ती परत आली आणि तिनं मुदतवाढीचा अर्ज लिहिला. आणखी एक वर्ष. सरांकडे न्यायला तो माझ्याच हातात दिला. कारणाच्या रकान्यात होतं: 'गाळाच्या बांधीत माझ्या हातून युरिया पडला.'