दोरीवरच्या कविता

आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या ताई जन्मभर लोकांचे कपडे शिवत आल्या. त्यांचा धाकटा भाऊ कवी होता. म्हणजे तो स्वतःला कवी म्हणवायचा. आम्ही शेजारी त्याला काय म्हणायचो ते न सांगितलेलं बरं. ताईंचा कापड बेतायचा पातळ कागद न विचारता उचलायचा, त्यावर कसलीतरी अर्धीमुर्धी अक्षरं काढायचा आणि मशीनसमोर, खिडकीपासून मशीनकडे आलेल्या दोरीवर, एकामागे एक टांगायचा. उजेड अडला की ताई वैतागून कागद बाजूला सारायच्या आणि पुन्हा मान खाली घालून टीप मारायला लागायच्या. दोघं एका खोलीत राहायची, पण बोलणं 'जेवायला वाढलंय' एवढंच.

तो गेला. खोलीत उजेडच उजेड झाला आणि ताईंना तो सोसेना. संध्याकाळी उगाच माझ्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

त्याच्या मित्रांनी हौसेनं पुस्तक काढलं. एकेक कागद एकेका पानावर छापला. कुणाला ओ की ठो कळलं नाही. वर्तमानपत्रानं यथेच्छ टिंगल केली. ताई मला म्हणाल्या, "जिवंतपणी मीसुद्धा त्याला कधी हसले नाही हो. आता लोकांनी हसायचं?" सगळे कागद गुंडाळून त्यांनी कपाटावर टाकले. पुन्हा कुणालाही दाखवायचे नाहीत, असं ठरवूनच टाकलं.

बऱ्याच वर्षांनी एक प्राध्यापक बाई आल्या. "आम्ही त्यांना चुकीचं वाचलं," म्हणाल्या. ताई बधेनात, बाईही चिवट, खेपा घालत राहिल्या. दोरी कुठे होती, किती खाली होती, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि इथे कोण बसायचं?"

"मी. दुसरं कोण बसणार?"

बाईंनी त्या जागेवर बसून खिडकीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कागद द्या मला, प्रदर्शनात तसेच टांगते. हसं झालं तर मी स्वतः उतरवून परत आणून देईन."

प्रदर्शनाला ताईंना मीच घेऊन गेलो. हॉलमध्ये खिडकीसमोर तशीच दोरी, तेवढीच खाली, आणि पुढे एक रिकामी खुर्ची. लोक उभ्यानंच कागद बघत होते, माना वाकड्या करत होते. एक जण फिदीफिदी हसला. ताईंनी माझा दंड घट्ट धरला. "चला घरी."

"आधी तुमच्या जागेवर बसा तर," बाई म्हणाल्या.

ताई बसल्या. खिडकीतून ऊन येत होतं. पुढच्या कागदावरची अर्धी अक्षरं मागच्या कागदावरच्या अर्ध्या अक्षरांना बरोबर जाऊन जुळली. उभ्यानं ती सरकत होती, तिथून मात्र नीट दिसत होती. ताईंनी एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचलं.

"ताई, मान दुखली असेल. जरा वर बघ."

हसणारा खुर्चीमागे येऊन वाकून बघायला लागला. मला तर कुठे बघावं ते कळेना.

"बघितलं असतं रे," ताई कागदाकडे बघत म्हणाल्या. "एक हाक मारायची होतीस."