हाड धरेपर्यंत
लवंगेच्या तेलाचा वास आला की मला रामदासपेठेतला तो दातांचा दवाखाना आठवतो. इतवारीतल्या एका बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवायचो. स्कूटरवरून पडलो, वरचे समोरचे दोन दात गेले आणि वाद्य तोंडात टिकेना. डॉक्टरीणबाईंनी नव्या दातांसाठी जबड्यात दोन स्क्रू बसवले, वर तात्पुरते दात लावले आणि बजावलं, "स्क्रूला हाड धरेपर्यंत वाजवायचं नाही." दोन महिने कसेबसे काढले. मग एका संध्याकाळी गल्लीतून वरात गेली आणि मी दार लावून क्लॅरिनेट तोंडाला लावली. बायको बाहेरून दार ठोकत होती, "काहून असं करून राहिले जी? उघडा ना!" बोटं सगळं विसरली असतील या भीतीनं मी थांबूच शकलो नाही. सकाळी हिरडी सुजली होती, एक स्क्रू हलत होता. "वाजवलं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा मात्र मला रडू फुटलं. म्हटलं, "मले दुसरं काहीच येत नाही, मॅडम." पुढच्या वर्षी त्यांनी तिथे नवा स्क्रू बसवला. आज दोन्ही दात पक्के आहेत, पण तोवर बँडनं दुसरा वादक घेतला होता, आणि तो माझ्याहून चांगला वाजवतो, हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.